गच्चीवरचे विमान

आमच्या वासण्याच्या घरास एक गच्ची आहे, आणि त्या गच्चीवर एक खोली आहे. तिला घरात सारे ‘विमानाची खोली’ म्हणतात. पाहुणे हे नाव ऐकून प्रथम हसतात, मग कुतूहलाने वर जाऊन येतात, आणि खाली आल्यावर बहुधा चहाची चौकशी करतात. विमानाची करीत नाहीत. कारण खोलीत विमान नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या अठरा लाकडी फासळ्या आहेत, खुंटीला टांगलेले एक सुकाणू आहे, आणि एक लांबच लांब टेबल आहे. त्या टेबलावर गेली कित्येक वर्षे आमच्या सौ.चे वाळवणाचे डबे नांदत आहेत.

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही बंगळूरला विमानांचे प्रदर्शन पाहावयास गेलो होतो. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी या खोलीची हकीकत सांगणे भाग आहे. एरवी चौऱ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थाने उन्हात उभे राहून आकाशाकडे पाहिले, यात वाचकांना सांगण्यासारखे काय आहे?

आमचे बालपण दांडिया बाजारात गेले. त्या काळी बडोद्याच्या मुलाला विमान जवळून पाहावयाचे तर सायकल काढून हरणीचा रस्ता धरावा लागे. तेथे फ्लाइंग क्लबची लहान विमाने कुंपणाबाहेरून दिसत. एका सुट्टीच्या दुपारी आम्ही कुंपणाशी उभे असता एक मिस्त्री विमानाच्या पंखाशी सुईदोरा घेऊन बसलेला दिसला. फाटलेली उशी शिवावी तसा तो पंख शिवीत होता! ते पुष्पक जातीचे विमान होते, हे पुढे कळले. बंगळूरच्या कारखान्यात तयार झालेले हे विमान १९५८ साली प्रथम उडाले. आत सांगाडा आणि वर ताणून बसविलेले कापड, अशी त्याची रचना. विमान ही देवाघरची वस्तू नसून ती शिवता येते, हे ज्ञान आम्हांस त्या दुपारी झाले. ते आमच्या डोक्यातून आजवर गेलेले नाही.

असेच वेड असलेले एक मित्र आम्हांस पुढे नोकरीत लाभले. ते कलाभवनात शिकलेले. १८९० साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी काढलेल्या या संस्थेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाताला एक प्रकारची शिस्त असे. ती त्यांच्यापाशी पुरेपूर होती. मोजल्यावाचून ते काही कापीत नसत आणि दुसऱ्यांदा मोजल्यावाचून तर मुळीच नाही. दर रविवारी सकाळी ते रावपुऱ्याहून सायकलने आमच्याकडे येत. १९८४ साली आम्ही वासण्यास घर बांधले तेव्हा आजूबाजूस शेते होती, आणि रात्री कोल्हेकुई ऐकू येई. आज तेथे इमारतींची दाटी झाली आहे. त्या एकांतात दोन माणसांनी विमान बांधावयास घेतले तर कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

घरी विमान बांधणे ही कल्पना आपल्याकडे वेडेपणाची वाटते, पण जगात ती तशी नाही. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची संघटना काढली. तिचा मेळा १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश या गावी भरतो. जुलैच्या अखेरीस तेथे सुमारे दहा हजार विमाने उतरतात, आणि त्यांतली कितीतरी कोणा शिक्षकाने, दंतवैद्याने वा शेतकऱ्याने आपल्या घरच्या गॅरेजात बांधलेली असतात. तिकडच्या कायद्याची अट एवढीच की, निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी वा हौसेसाठी केलेले असावे. तिला ‘एक्कावन टक्क्यांचा नियम’ म्हणतात. मार्ग दोन. एक, नुसते नकाशे मागवावेत आणि लाकडापासून सारे आपण करावे. दुसरा, सुट्या भागांचा संच मागवावा आणि तो जोडावा. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या कंपनीच्या संचांतून बनलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. आमच्या खिशाला संच परवडणारा नव्हता. आम्ही नकाशे मागविले.

ते १९८६ साल होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्ट रुटान यांनी कल्पिलेले व्हॉयेजर विमान वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तेही कोणा मोठ्या कारखान्यातले नव्हे, मोजक्या माणसांनी वाळवंटातल्या एका शेडमध्ये बांधलेले. वर्तमानपत्रातले ते कात्रण आमच्या मित्रांनी खोलीच्या भिंतीस चिकटविले. आमचे नकाशे मात्र याहून फार नम्र होते. व्हीपी-१ नावाचे ते एका माणसाचे लाकडी विमान. पंखांची रुंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत चोवीस फूट, आणि इंजिन फोक्सवॅगन मोटारीचे. रेखनकार इव्हान्स यांनी नवशिक्याला झेपावे म्हणून ते मुद्दाम साधे ठेवले होते. दिसायला ते खोक्यासारखे आहे. सौ.नी चित्र पाहून विचारले, “अहो, हे उडतं की यात धान्य ठेवायचं?”

१९८७ साली गच्चीवर खोली चढविली आणि काम सुरू झाले. मुंबईहून जहाजी कामाचे प्लायवूड आणले. सांधे अ‍ॅरल्डाइटने जोडावयाचे ठरले. मित्रांचा दंडक असा की, डिंक कालविला की त्याच घोटातून दोन फालतू लाकडे जोडून ठेवावयाची, दुसऱ्या रविवारी ती शेगड्यात धरून मोडावयाची आणि काय तुटले ते पाहावयाचे. लाकूड फाटले आणि सांधा टिकला तर त्या दिवशीचे काम खरे. सांधा सुटला तर ती फासळी केराच्या टोपलीत. अशा चार फासळ्या त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत मोडल्या. एक तर आमच्या मते चांगली होती.

येथे थोडे विषयांतर. बडोद्यात विमानाचा विषय निघाला आणि शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघाले नाही, असे होत नाही. १८९५ साली तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, आणि ते पाहावयास आपले सयाजीराव महाराज जातीने हजर होते, अशी ती कथा. आम्हीही गणेशोत्सवात ती मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. मित्र शेवटच्या रांगेत बसले होते. घरी परतताना म्हणाले, “महाराज होते की नव्हते ते राहू दे रे. इंजिन कोणतं होतं ते विचार.” त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. या कथेला जो वैमानिक शास्त्राचा ग्रंथ जोडला जातो, त्यातल्या विमानांची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली केली आणि ती उडू शकणार नाहीत असा स्पष्ट निर्वाळा दिला. बडोद्याच्या नावाला आकाशात स्थान हवेच असेल तर खरी गोष्ट उपलब्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव होते, आणि तिचे वैमानिक स्पिटफायर विमाने उडवीत. ती गोष्ट मात्र गणेशोत्सवात कोणी सांगत नाही.

असो. अठरा फासळ्या झाल्या, सुकाणू झाले, आणि काम थांबले. का थांबले असे गेली पस्तीस वर्षे ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांना आम्ही एकच उत्तर दिले: “परवानगी मिळाली नाही.” आपल्या देशात हे उत्तर कोणी तपासून पाहत नाही. ऐकणारा उलट सहानुभूतीने मान हलवितो.

खरे ते आता सांगतो. ज्या कचेरीला आम्ही पत्र घातले होते, तेथून उत्तर आले होते. नकार नव्हता. काही कागद मागितले होते, बांधणी कोण तपासणार ते विचारले होते, इंजिनाची माहिती हवी होती. त्या सुमारास आमच्या घरी दुसरे अपत्य झाले होते, घराचे कर्ज अंगावर होते, आणि रात्री जाग आली की त्या खोक्यात बसून आपण हरणीच्या धावपट्टीवर आहोत असे दृश्य डोळ्यांपुढे येऊन तळहात ओले होत. ते पत्र आम्ही टेबलाच्या खणात ठेवले आणि मित्रांना सांगितले, “काही उत्तर नाही.” त्यांनी आणखी एक पत्र घाल म्हटले. घातले, असे आम्ही सांगितले. पुढे काही महिने ते रविवारी येत राहिले. मग पंधरा दिवसांनी येऊ लागले. मग सणावारी. २००८ साली ते गेले.

२०१६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात एक छायाचित्र पाहिले. मुंबईच्या कांदिवली भागातील चारकोप येथे कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले होते; यंत्रसामग्री आणि इंजिन अरुंद जिन्याने वर नेऊन. ते विमान सुटे करून यारीने खाली उतरविले होते आणि बांद्रा-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले होते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. विमानाभोवती माणसांचे कडे होते. लोक छायाचित्रे काढून घेत होते. आम्ही वाकून पोटाखालचे रिव्हेट पाहत होतो. काही ओळी सरळ होत्या, काही किंचित हललेल्या होत्या. हाताने केलेले काम होते ते. जवळ जाऊन दोन शब्द बोलावेत असे फार वाटले, पण आपण कोण म्हणून सांगावे, हे सुचले नाही. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. पुढे बातम्या वाचीत राहिलो: २०१७ साली विमानाची नोंदणी, २०१९ साली उड्डाणाची परवानगी, २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून उड्डाण. या गृहस्थांनी परवानगीसाठी किती वर्षे खेटे घातले, त्याच्या कहाण्या छापून आल्या होत्या. आणि आमच्या खणात एक उत्तर पडून होते.

त्यानंतर ‘परवानगी मिळाली नाही’ हे वाक्य उच्चारणे आम्हांस जड जाऊ लागले. तरी सवय होती. उच्चारीत राहिलो.

आता बंगळूरविषयी. आमची मुलगी तेथे येलहंक्याजवळ राहते. येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून ‘एरो इंडिया’ प्रदर्शन भरते. २०२५ च्या १० ते १४ फेब्रुवारीतले शेवटचे दोन दिवस सर्वसाधारण लोकांसाठी होते. जावयांनी तिकिटे काढली आणि बारा वर्षांच्या नातवाला आमच्या हाती दिले. किंवा आम्हांस त्याच्या हाती दिले म्हणा.

गर्दीचे काय वर्णन करावे! पंढरीच्या वाळवंटात उभे असल्याचा भास होत होता. फरक एवढाच की सर्वांच्या माना वर होत्या. रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ एकाच तळावर असण्याचा योग त्या वर्षी आला होता. सुखोई आकाशात उभे राहिले, अक्षरशः शेपटीवर उभे राहिले, आणि त्याचा आवाज कानांत नव्हे, छातीत ऐकू आला. सूर्यकिरण पथकाची नऊ हॉक विमाने एकमेकांच्या पंखाला पंख लावून गेली. त्यांच्याकडे पाहताना आम्हांस २०१९ ची आठवण झाली. त्या वर्षीच्या प्रदर्शनापूर्वी सराव करताना याच पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी मृत्युमुखी पडले. भोवतीचे लोक टाळ्या वाजवीत होते. आम्हीही वाजविल्या, पण जरा उशिराने.

दुपार कलल्यावर नातू म्हणाला, “आबा, तुम्ही वर बघतच नाही. तुम्हांला काय बघायचंय?” आम्ही म्हटले, लहान विमान. त्याने आमचे बोट धरले आणि विचारीत विचारीत आम्हांस ‘हंस’ विमानापाशी नेऊन उभे केले.

हंस हे बंगळूरच्याच राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे दोन आसनांचे प्रशिक्षण विमान. त्याची नवी आवृत्ती २०२१ साली प्रथम उडाली. शेजारच्या त्या अजस्र धुडांपुढे ते एखाद्या खेळण्यासारखे दिसत होते, आणि त्याच्यापाशी गर्दीही बेताचीच होती. आम्ही पंखावरून हात फिरविला. रिव्हेट नाही, शिवण नाही. काचतंतू आणि राळ यांचे थर एकावर एक देऊन बनविलेले हे विमान. म्हणजे, आमच्या भाषेत, डिंकाने जोडलेले! मित्र असते तर त्यांनी तुकडा मोडून पाहण्यासाठी मागितला असता.

तेथे उभ्या असलेल्या तरुण अभियंत्याने आमची ही तपासणी पाहिली असावी. त्याने अदबीने विचारले, कोठून आलात? बडोद्याहून, म्हणताच त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे सी-२९५ च्या कारखान्यातून का?” ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा आणि एअरबस यांचा तो कारखाना बडोद्यास सुरू झाला आहे, आणि हवाई दलाच्या छप्पन्न विमानांपैकी चाळीस तेथे तयार व्हावयाची आहेत, त्यामुळे त्याचा प्रश्न साहजिक होता. आम्ही म्हटले, “नाही, नाही. आम्ही घरी विमान बांधतो.”

बांधतो! बांधत होतो, असे म्हणावयाचे होते. शब्द निसटून गेला. आणि त्या मुलाने तो खरा मानला. तो हसला नाही. कोणते विमान, लाकूड कोणते, तुळया झाल्या का, सांध्यांना काय वापरता, असे त्याने एकामागून एक विचारले. आम्ही उत्तरे देत गेलो. डिंकाच्या चाचणीची पद्धत सांगितली तेव्हा तो म्हणाला, आम्हीही नमुने तोडूनच पाहतो. मग त्याने विचारले, “किती काम झाले?”

आम्ही म्हणालो, “अठरा फासळ्या. आणि सुकाणू.”

“किती वर्षांत?”

नातू आमच्या तोंडाकडे पाहत होता. “अडतीस,” आम्ही म्हणालो.

तो अभियंता क्षणभर थांबला. मग बंगळूरमध्ये घरी जोडण्याच्या विमानांचे संच बनविण्याचे काम किती जुने आहे, ते तो सांगू लागला. राजहंस नावाच्या कारखान्याने १९८० पासून लहान विमाने बनविली, आणि त्यांच्या एक्स-एअर विमानाचे संच इंग्लंडातल्या हौशी मंडळींनी आपापल्या शेडमध्ये जोडून उडविले. आम्हांस हे ठाऊक होते. पण त्याने मोठ्या सौजन्याने विषय बदलला होता, म्हणून आम्ही प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकले.

बाहेर पडण्याच्या रांगेत तासभर उभे राहावे लागले. नातवाने विचारले, “आबा, मग तुमचं विमान पुरं का नाही झालं?” आम्ही तोंड उघडले. ते जुने वाक्य जिभेवर तयार होते. ते आम्ही गिळले आणि जे वर लिहिले आहे ते, त्या उन्हात, धुळीत, पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत, त्या मुलाला सांगितले. मित्रांना काय सांगितले तेही सांगितले. ही गोष्ट आम्ही प्रथमच कोणाला सांगत होतो. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने विचारले, “ते पत्र अजून आहे?”

मे महिन्यात तो सुट्टीसाठी वासण्यास आला, आणि पिशवी खाली ठेवल्याबरोबर खोलीत गेला. पत्र खणातच होते. घडीवर पिवळे पडलेले. त्याने ते दोनदा वाचले. मग त्याने जिना मोजला. मुले अशा गोष्टी फार लवकर पाहतात: प्रत्येक पंख जवळजवळ बारा फुटांचा, आणि जिन्याला दोन काटकोनी वळणे. “आबा, पंख झाला असता तरी तो खाली कसा जाणार होता?”

हा विचार आम्ही अडतीस वर्षांत एकदाही केला नव्हता. आम्हांस हसू आले आणि वाईटही वाटले. आमचे सारे विमान असेच होते तर, खोलीतून बाहेर न पडणारे!

नातू मात्र खिडकीपाशी गेला होता. रस्त्याच्या बाजूची ती खिडकी वाजवीपेक्षा मोठी आहे. खोली बांधताना मित्रांनी गवंड्याशी हुज्जत घालून ती तेवढी करून घेतली होती. वारा हवा, एवढेच त्यांनी आम्हांस सांगितले होते. मुलाने चौकटीवर बोट ठेवले. ती भिंतीत सिमेंटने बसविलेली नव्हती. रंगाच्या थरांखाली आठ बोल्ट होते. आम्ही पाने आणले. दुपारभर खटपट करून, तेल सोडून, दोघांनी ती चौकट सोडविली आणि खाली उतरविली. भिंतीकडच्या बाजूला, जेथे रंग कधी पोहोचलाच नव्हता, तेथे पेन्सिलीने, त्या ओळखीच्या कलाभवनी अक्षरात लिहिलेले होते: ‘पंख येथून. तिरका घ्यावा.’ खाली १९८७ च्या एका रविवारची तारीख.

आम्ही जरा वेळ त्या लांब टेबलावर बसून राहिलो.

पंख तर नव्हता. नातवाने मांडवाचा एक बांबू शोधून आणला, बारा फूट मोजून खूण केली, आणि तो तिरका धरून खिडकीतून बाहेर काढला. दोन्ही बाजूंस चार-चार बोटे जागा उरली. खालून शेजारच्या बेननी ओरडून विचारले, “काका, शुं करो छो?” नातवाने वरून गुजरातीतच उत्तर दिले, की विमान बाहेर काढून पाहतो आहोत.

जुन्या डिंकाचे दोन्ही डबे दगड झाले आहेत. ते टाकून दिले. अठरांपैकी तीन फासळ्यांना वाळवी लागली आहे. बाकीच्या मजबूत दिसतात, तरी एक शेगड्यात धरून मोडून पाहावी लागेल. कोणती, ते अजून ठरत नाही. पत्राच्या उत्तराचा मसुदा नातवाने संगणकावर करून दिला आहे. आजचे नियम निराळे आहेत आणि कचेरीचा पत्ताही, तेव्हा तो पुन्हा लिहावा लागेल. सौ.नी यावर काही मत दिलेले नाही. परवा वर गेलो तेव्हा टेबलावरचे वाळवणाचे डबे नाहीसे झालेले दिसले. ते स्वयंपाकघराच्या माळ्यावर गेले आहेत. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, की त्या अ‍ॅरल्डाइटचा वास खालपर्यंत येता कामा नये.